भाऊजींच्या मागच्या सीटवर

२ सप्टेंबर
हो म्हणून बसलो! क्लेमेंट भाऊजी बुलेटवरून किल्लारच्या रस्त्याला चाललेत. तिकडे वर, हिमालयात, डोंगर कोरून काढलेला रस्ता — एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली चिनाब, कठडा नाही. देशभरातले वेडे तिथं जातात. पाचूबंदरला बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस — त्याला डोंगर कशाला हवा?

म्हटलं, "तुमच्या हाताखालच्या अल्पेशला न्या, तो धाडसी आहे."

"अल्पेश मागं बसून झोपतो. तू तोंड बंद ठेवत नाय. तूच चल."

"पुढच्या वर्षी जाऊ."

"नाय. याच वर्षी."

डायनाताई समोर उभी. सख्ख्या बहिणीपुढे तिच्याच नवऱ्याला नाही कसं म्हणणार? कामावर, सातिवलीच्या गोदामात, स्टुलावर चढलो तरी माझे पाय लटपटतात, हे तिला ठाऊक नाही.

३ सप्टेंबर
रिचेलला सांगितलं. ती हसली. भांडी घासताना आठवून पुन्हा हसली. "तू? कळंबच्या बीचवर उंटावरून रडत उतरलास तू!"

बायको आहे की शत्रू!

११ सप्टेंबर
गुडघ्यांना पॅड, कोपरांना पॅड, जाडं जाकीट. आरशात बघितलं. कासव.

१९ सप्टेंबर, किश्तवाड
उद्या तो रस्ता. ढाबेवाल्याने विचारलं, "डर लग रहा है?" "बिलकुल नहीं," म्हटलं आणि तिसऱ्यांदा संडास गाठला.

२० सप्टेंबर
जिवंत आहे.

बसल्यापासून ओरडतच होतो. "खड्डा! दगड! ट्रक आला, थांबा!" भाऊजी एकदाही गप्प बस म्हणाले नाहीत. मी जरा थांबलो की उलट तेच, "बोल रे, बोलत राहा."

एका वळणावर वरून पाणी कोसळत होतं. खाली सगळा चिखल. बाइक डावीकडे सरकायला लागली — दरी डावीकडे! "उजवीकडे! उजवीकडे घ्या!" किंचाळलो. त्यांचा उजवा खांदा धरून ओढलाच. चाकाखालचे दगड खाली गेले. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

उतरलो. रस्त्यातच बसलो. म्हटलं, मी चालत येतो, कितीही वेळ लागू दे. मरियेची प्रार्थना अर्धी विसरलो, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

भाऊजींनी बाइक बंद केली. "बस मागं. तुझ्याशिवाय नाय जानार मी."

एवढं प्रेम! नाइलाजाने बसलो.

२१ सप्टेंबर, किल्लार
सगळे बाइकवाले भाऊजींची पाठ थोपटतायत. दिल्लीची एक मुलगी मला म्हणाली, "अंकल, आपकी आवाज़ तो हमें पीछे तक आ रही थी!" झाली कीर्ती!

भाऊजी सकाळपासून बाहेर खुर्ची टाकून बसलेत. फोटो काढत नाहीत. नुसते डोंगर बघतायत. चहा गार झाला.

४ ऑक्टोबर
डायनाताई रडत आली. भाऊजींचा डावा डोळा मे महिन्यातच गेलाय. उजवाही फार दिवस टिकणार नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, यांनी घरात कुणाला कळू दिलं नाही.

तसाच त्यांच्याकडे गेलो. खूप बोलणार होतो. तोंडातून एवढंच निघालं — "भाऊजी, दरी डावीकडे होती!"

"म्हनून तर तुला नेला," म्हणाले.