बारा कोंबड्यांचं खाणं

१२ नोव्हेंबर

ती. थोरल्या जाऊबाईंना नमस्कार.

तुमची चिठ्ठी काल सूनबाईने आणून दिली. इकडे सगळं ठीक. भावजींचा खोकला थांबला का? आमच्याकडे यांचं कंबरदुखीचं रडगाणं चालूच आहे.

तुम्ही विचारलंत, कोंबड्यांना मी काय घालत होते आणि आता त्या अंडी का देत नाहीत. वाटणीत शिलाई मशीन माझ्या गळ्यात घालून तुम्ही बाराच्या बारा कोंबड्या मागितल्यात. "बसल्या जागी कमाई," म्हणालात. मी हूं की चूं केलं नाही, याचं तेव्हा तुम्हाला नवल वाटलं होतं. आता वाटायला नको.

अहो, त्या म्हाताऱ्या झाल्यात. त्यात पिसं झडायला लागली, म्हणजे दोन-तीन महिने नुसत्या खाणार. आणि म्हातारी कोंबडी तरणीपेक्षा एक दाणा कमी खात नाही. दुकानातून पोती आणून घालाल तर तुमचं अंडं बाजारातल्यापेक्षा महाग पडेल. माझ्या हाती ते फुकट पडतं, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. मी पहाटे जाऊन पिठाची गिरणी झाडायचे, त्याबद्दल गिरणीवाला कोंडा आणि फुटके दाणे द्यायचा. अजूनही झाडते. दाणे आता माझ्या नव्या तलंगांना जातात, त्या नुकत्याच अंड्यावर आल्यात. तुम्हाला मूठभरही द्यायचे नाहीत, असं गिरणीवाल्याला बजावून ठेवलंय.

पोटुशी असतानाही झाडत होते. डॉक्टरीणबाईंनी रोज एक अंडं खा म्हणून तुमच्यादेखत सांगितलं. तुम्ही घरी येऊन सगळी अंडी दुकानात पाठवलीत आणि म्हणालात, "विकायचा माल कुणी खातं का?"

सातव्या महिन्यात गेली. मुलगी होती. अंड्याने ती वाचली असती का, मला माहीत नाही. तुम्ही दिलं नाहीत, एवढं माहीत आहे.

आता सूनबाईला दिवस गेलेत, तिलाही रोज अंडं सांगितलंय, आणि तुम्ही लिहिता, "जुनं मनात धरू नकोस, पोरीच्या हाती अंडी पाठव." मी मनात धरलंय. पण पोरीला उपाशी ठेवायला मी म्हणजे तुम्ही नव्हे. दोन अंडी उकडून तिच्यापुढे ठेवली. खाता खाता ती म्हणाली, "काकू, तुम्ही आणि आई बोलत का नाही?"

सांगितलं. तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले. सांगताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तिने दुसरं अंडं संपवलं, हात धुतले आणि म्हणाली, "मी बाळंत होईपर्यंत इथंच राहू का?" संध्याकाळी तुमचा मुलगा तिचे कपडे घेऊन आला. तोही जेवून इथंच झोपला.

म्हणून हे पत्र पोस्टाने पाठवते आहे.

आपली,
होणाऱ्या बाळाची धाकटी आजी