चुलीपुढची उपकारस्तुती

२ ऑक्टोबर

ती सकाळ नेहमीसारखीच होती. मी अंथरुणं झाडली, पाणी भरलं, दूध उतू जायला आलं म्हणून पदराने पातेलं उतरवलं, बोट भाजलं, आणि मागे उभे राहून हे हसले. ह्यांचं हसणं म्हणजे आधी नाकातून सूं, मग एकदम भडका. दुपारी हे गेले. लोक मला शेवटचे शब्द विचारतात. मला दूध आठवतं.

आज नव्या घरातला पहिला दिवस. नवं कसलं, शेतातलं जुनंपुराणं, कित्येक वर्षं कुलूपबंद. थोरल्या जाऊबाईंचं हे घर. लग्नानंतर त्या इथेच राहत, मग शेतापलीकडे नवं बांधलं. किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, धाकटे, दुरुस्त कर आणि राहा, तुझंच समज. हे गेल्यावर हात धरून मला प्रभूकडे नेलं तेही त्यांनीच. सख्खी बहीण करणार नाही एवढं केलं.

गवंड्याने घराभोवती फेरी मारली, भिंतीवर टकटक केली आणि म्हणाला, बाई, हे घर चुन्यावर नाही, सवयीवर उभं आहे. खूप दिवसांनी मोकळी हसले. सोबत माझी तांबडी कोंबडी आहे. आल्या आल्या खिडकीत जाऊन बसली. गवंड्याने विचारलं, मालकीणबाई कोण, तुम्ही की ह्या?

९ ऑक्टोबर

स्वयंपाकघराचे पोपडे खरवडून झाले. चुना भिजत घातलाय. गवंडी म्हणतो, त्याला घाई चालत नाही, मुरू द्या. विश्वासाचंही तसंच असावं. मी वाचायला उशिरा आणि माझी मीच शिकले, म्हणून बायबलातलं वचन अजून बोट ठेवून वाचते, पण वाचते.

जाऊबाईंनी आज उपकारस्तुती शिकवली. जे मिळालं त्याचं नाव घेऊन देवाचे आभार मानायचे. रोज सकाळी, याच चुलीपुढे, मोठ्याने. मनातल्या मनात म्हणणं आळशाचं काम, म्हणाल्या. त्या स्वतः उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. चपला काढायचा कंटाळा, म्हणे. मी पहिले आभार मानले ते कोंबडीचे. एकटीला तेवढीच बोलायला.

१० ऑक्टोबर

कोंबडी कुठेच नाही. कोल्ह्याने नेली म्हणावं तर पीसही पडलेलं नाही. गवंड्याला विचारलं तर त्याने थापी खाली ठेवली. म्हणाला, बाई, तुम्ही कोंबडी कधी पाळली होती?

थट्टा करतोय म्हटलं. करत नव्हता.

१७ ऑक्टोबर

ह्यांचा निळा सदरा मी न धुता ठेवलाय, वासासाठी. काल चुलीपुढे त्या वासाचे आभार मानले. आज सदरा नाकाशी धरला. नुसतं कापड.

जाऊबाई म्हणाल्या, वास काय जन्मभर टिकतो का गं. प्रभू तुझं ओझं हलकं करतोय. जे सर्वांत जिवाचं, त्याचे आभार आधी मान.

मला पटलं. त्यांचं मला सगळंच पटतं.

२३ ऑक्टोबर

काल ह्यांच्या हसण्याचे आभार मानले. आज ते ऐकू येत नाही. हे हसत, एवढं ठाऊक आहे. कसे, ते नाही. मी स्वतः नाकातून आवाज काढून पाहिला. वेड्यासारखी, आरशापुढे —

२७ ऑक्टोबर

ह्यांच्या चेहऱ्याचे आभार मी मानायला नको होते. जाऊबाईंनी आग्रह केला. आता लग्नाच्या फोटोत मी एकटी. शेजारी भिंत.

मुलीला फोन केला. बाबांचा दुसरा फोटो आहे का तुझ्याकडे, विचारलं. ती हळूच म्हणाली, आई, कोणाचे बाबा? मला तर तू एकटीनेच वाढवलंस ना?

२९ ऑक्टोबर

आतल्या दाराचा रंग खरवडला. चौकटीवर खुणा. लहान मूल उभं करून उंची मोजतात तशा. एकीवर एक, माझ्या कमरेपर्यंत. शेवटच्या खुणेशी जाऊबाईंचं वळणदार अक्षर : सोन्या.

जाऊबाईंना मूल झालं नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.

सगळ्यांना —

३० ऑक्टोबर

त्यांच्याकडे गेले. शेंगा सोलत होत्या. सोन्या कोण, विचारलं. त्या सोलत राहिल्या. म्हणाल्या, आठवत नाही गं. काहीतरी होतं, एवढंच कळतं. कुशीत पोकळ लागतं.

मग सगळं सांगितलं. आवाज चढला नाही की उतरला नाही. त्या घराला नाव घेणारं कुणीतरी लागतं. नसलं की ते शेत ओलांडून येतं. या उन्हाळ्यात आमच्याकडे आलं. सकाळी उठून आमचे हे मला विचारायला लागले, बाई, तुम्ही कोण? मला तेवढेच उरलेत, धाकटे. तुझा तर गेलेलाच होता. गेलेल्याचं आणखी काय जाणार, असं वाटलं मला.

वर म्हणाल्या, शेंगा घेऊन जा थोड्या.

प्रभू, हे तुझं काम नाही, एवढं कळतं मला. पण मला तुझ्याकडे आणलं ते यासाठी? प्रार्थना शिकवली ती —

ह्यांचं आता नाव तेवढं उरलंय. ते मी तोंडाने घेणार नाही. ओठ शिवीन, पण —

भिंत ओली आहे. चुना वाळत नाही. आज मी काहीच म्हटलं नाही, आणि ती वाट पाहतेय.

३१ ऑक्टोबर

वैऱ्यासाठीही प्रार्थना करावी, असं शिकलेय.

त्यांच्याकडून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, मी केर काढला, चूल पेटवली, गुडघे टेकले आणि मोठ्याने, नाव घेऊन, प्रभूचे आभार मानले : माझ्या थोरल्या जाऊबाईंबद्दल. ज्यांनी मला हे घर दिलं, ज्यांनी माझा हात धरून मला, ज्या मला नेहमी —