वखारीतली थाई कुस्ती

सालमिया
६ नोव्हेंबर १९६४, शुक्रवार

आज पुन्हा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि कपडे बादलीतच राहिले. मागच्या लाकडाच्या वखारीत थाई खलाशांचा खेळ सुरू झाला होता. त्यांची तांदळाची बोट इंजिन मोडून बंदरात पडलीय आणि एजंटाने सगळ्यांना वखारीत आणून टाकलंय. काम नाही, घरी जाता येत नाही. मग जुम्म्याची नमाज सुटली की चार पिंपांना दोर बांधतात आणि एकमेकांना बडवतात. हाताने, कोपराने, गुडघ्याने, लाथेने. एक जण पत्र्याचा डबा वाजवतो, दुसरा पिपाणी. आधी मात्र गुडघे टेकून चारी बाजूंना वाकतात आणि असं सावकाश नाचतात की वाटावं, हे कसले भांडणार!

रस्त्याने जाणारे टॅक्सीवाले, फेरीवाले फुकट बघतात. मला तर फुकटात बाल्कनी.

एक बुटका आहे. चार वेळा पडला. दर वेळी वाटलं, संपला. उठतो, हसतो, परत लाथ. पडलं म्हणून तिथे कुणी हरत नाही.

८ नोव्हेंबर

सलीम (यापुढे नुसता स., शाई वाचेल) आज दिवसभर खिडकीत. धाकटा भाऊ, मिसरूड फुटलं तरी अजून कडेवर घ्यावं लागतं. इकडे आखातात व्हिजिटवर आलाय, महिनाअखेर मुदत संपते. यांनी मुकादमाच्या हातापाया पडून बंदरावर क्रेनखाली माल लावायचं काम बघितलंय. १८ ला मेडिकल. पास झाला तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नाहीतर परतीची बोट. तिकडे रत्नागिरीला अब्बांनी मचवा विकला. परत जाऊन करणार काय तो?

स. कोल्हापूरला मामाकडे राहून तालमीत घुमलेला. थाई पोरांना बघून नाक मुरडतो.

“ही काय कुस्ती हाय? माज्यासमोर आणा, पट काढून आसमान दाखवतंय.”

म्हटलं, “अरे, पाडून भागत नाय. पडलेला उठतो. मी बघितलंय.”

“बुबू, तू चपात्या लाट. पाठ टेकली की संपली कुस्ती.”

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “आधी मेडिकल. मग काय तो नाच.”

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहू नये असं वाटतंय. लिहिते तरी.

नमाजेला म्हणून दोघं गेले. हे तिथूनच हवल्लीला दोस्ताकडे. मी गच्चीवर. खाली बघते तर दोरीच्या आत स., अंगात सदरा नाही. शड्डू ठोकतोय. आपले हिंदी लोक ओरडताहेत. समोर तो बुटका.

खाली जाऊ म्हटलं, पण त्या पुरुषांच्या गर्दीत वखारीच्या फाटकातून मला कोण आत सोडणार? कठडा धरून उभी राहिले.

बुटका वाकला, नाचला. स. कमरेवर हात ठेवून हसत होता. मग मांडीवर दोन लाथा बसल्या तेव्हा हसणं थांबलं. तिसरी लाथ त्याने हातात पकडली आणि बुटक्याला उचलून असा आपटला की दोन्ही खांदे जमिनीला. खोटं कशाला लिहू, माझ्याही तोंडून वाहवा निघाली. कुस्ती बघताना अब्बांची निघते, अगदी तशी.

आणि मग स.ने तालमीत शिकवतात तेच केलं. हात वर करून लोकांकडे वळला, सलाम घ्यायला. पाठ बुटक्याकडे.

बुटका उठत होता. मला दिसत होतं. “सलीम, मागे बघ! मागे बघ रे!” घसा फुटेपर्यंत ओरडले. खाली डबा, पिपाणी, लोक, समुद्राचा वारा. रस्त्यावरच्या एका बाईने तेवढं वर बघितलं.

लाथ डाव्या कानावर बसली. तो खाली बसला, मग आडवा झाला. बुटक्यानेच धावून त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

१४ नोव्हेंबर

कान सुजलाय. सकाळी उशीवर रक्ताचा डाग. दवाखान्यात नेऊ म्हटलं तर स. नको म्हणाला, हेही नको म्हणाले. “मेडिकलच्या तोंडावर डॉक्टर कशाला? सूज काय, उतरेल.” मग तिघंही एकमेकांकडे बघत चहा प्यायलो.

१५ नोव्हेंबर

दुपारी दार वाजलं. बुटका! हे घरात नाहीत, स. झोपलेला. दार जरासं उघडलं. त्याने हात जोडले, मान खाली, मलमाची डबी पुढे. स्वतःच्या कानाला बोट लावून काहीतरी विचारत होता. डोळे भरलेले. मला त्याच्यावर रागवायचं होतं. नीट रागावताही आलं नाही. त्याच्या खेळात त्याने काहीच वावगं केलं नव्हतं. डबी घेतली, दार लावलं. बऱ्याच वेळाने त्याची पावलं गेली.

१७ नोव्हेंबर

सूज उतरली. स. जेवत होता. मी डाव्या बाजूने हळू म्हटलं, “मासा वाढू?” काही नाही. जरा मोठ्याने म्हटलं. काही नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकला.

“किती दिवस?”

“त्या दिवसापासनं. त्या बाजूला काहीच नाय. बुबू, भावजींना बोलू नको. तुला अम्माची शपथ.”

अम्माची कशाला घातली मेल्याने?

१८ नोव्हेंबर

पास. डॉक्टरने छाती बघितली, डोळे, दात. घड्याळ उजव्या कानाशी धरलं. “दुसरा ठीक ना?” विचारलं, याने मान हलवली. झालं.

यांनी खजूर आणले, शेजारी वाटले. मी शिरा केला. सगळे म्हणाले, छान झालाय. मी माझी ताटली तशीच झाकून ठेवली.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

खेळ झाला असावा. डबा वाजत होता. कपडे खोलीतच दोरीवर टाकले.

२१ नोव्हेंबर

स. कामावर गेला. जाताना स्वयंपाकघरातून हाक मारली तर तो बाहेरच्या दाराकडे बघायला लागला. एका कानाने हाक ऐकू येते, कुठून येते ते कळत नाही. आणि काम कसलं? वर क्रेनला पेटारे लोंबणार, खाली ही माणसं. मुकादमाची शिटी ऐकून बाजूला सरायचं. हे काल हौसेने समजावून सांगत होते त्याला. तो मान हलवत होता. मी भाजी निवडत होते.

यांना सांगितलं तर हे त्याला क्रेनखाली उभं राहू देणार नाहीत, उद्याच नोकरी जाईल. मुकादमापुढे हे तोंडघशी पडतील, स. परत जाईल, आयुष्यभर माझ्याशी बोलायचा नाही. नाही सांगितलं तर... पुढचं लिहवत नाही.

नमाज पढले, दुवा मागितली. काय मागू तेच सुचेना.

यांची आणि स.ची पाळी बरोबर सुटते, पण येतात वेगवेगळ्या बसने. माझ्याच्याने काही ठरत नाही, म्हणून एवढंच ठरवलंय. हे आधी आले तर सांगून टाकायचं. स. आधी आला तर गप्प.

चहाचं आधण ठेवलंय. जिन्यात कुणीतरी येतंय.