खिडकीतला कप

रविवार, १ फेब्रुवारी २०१५. इब्री, ओमान

समिती झाली! नाव इतकं लांब की नोटीस बोर्डावर दोन ओळी लागल्या — वांशिक समता व सर्वसमावेशकता समिती. एप्रिलमध्ये कॉलेजच्या मान्यतेची तपासणी आहे. त्यांच्या यादीत हा रकाना रिकामा होता म्हणे. क्वालिटी ऑफिसच्या फरिदा मॅडमनी मला सचिव केलं. म्हणाल्या, "तुमचं कुणाशी भांडण नाही." खरंय. माझं कुणाशी काहीच नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

धोरणाचा मसुदा टाइप केला. 'या कॅम्पसवर वर्ण, वंश, देश यांवरून कोणालाही वेगळे वागवले जाणार नाही.' टाइप करताना समोर खिडकी. खिडकीत नूरुद्दीनचा कप.

एकदा लिहूनच ठेवतो. स्टाफरूममध्ये आम्ही पाच जण. चार भारतीय आणि नूरुद्दीन — टांझानियाचा, गणित शिकवतो, गेल्या सप्टेंबरात आला. चहा राजीव सर करतात, आलं ठेचून. ते विभागप्रमुख, पुण्याचे. कप सगळे कॉलेजचे, एकसारखे, निळ्या काठाचे. भिंतीला हूक पाच. चार हुकांना चार कप, पाचवा हूक रिकामा. पाचवा कप खिडकीत, पालथा. अदलाबदल होऊ नये म्हणून त्याच्या बुडाला लाल ठिपका. यावर कुणी कधी एक शब्द बोललेलं नाही. नूरुद्दीनला चहा मिळतो, आमच्या चौघांनंतर. कप तो स्वतः विसळतो.

आमचे आबा तरुणपणी गावच्या हॉटेलात बाहेर ठेवलेल्या कपात चहा प्यायचे. प्यायचा, आपला आपण विसळायचा, परत ठेवायचा. हे सांगताना त्यांचा आवाज बसायचा. मला आज काहीच वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं, एवढंच वाटलं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

राजीव सर आणि वहिनी जेवायला. ते यायच्या आधी हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो बेडरूमच्या कपाटात. बुद्धाची मूर्ती तशीच राहू दिली — ती शोभेची म्हणून खपते.

बायको, मैत्री, दारात उभी राहून बघत होती. "किती वर्षं उचलणार आहेस तो फोटो?"

"पाहुणे जाईपर्यंत."

 तिने भाकऱ्या जोरात थापल्या.

राजीव सर खुशीत होते. "मैत्री! छान मॉडर्न नाव आहे तुमचं." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही अकोल्याकडचे ना? म्हणजे तुमच्यात..." मी म्हटलं, "हो हो, वाढा ना भाजी." आमचं आडनाव कुणब्यांतही असतं. चार वर्षं त्याच्यावर निभावलंय.

सोमवार, १६ फेब्रुवारी

दिवसभर माझ्या लॅबमधले नादुरुस्त मल्टिमीटर वेगळे काढले. बारा निघाले.

बुधवार, ११ मार्च

'एक कॅम्पस, एक कुटुंब' दिवस. कल्पना समितीची, म्हणजे माझी. प्रत्येक देशाचा स्टॉल. ओमानी मुलामुलींनी खजूर आणि काहवा, म्हणजे त्यांची कॉफी, ठेवला, फिलिपिनो मंडळी नाचली. आमच्या स्टॉलवर समोसे, रांगोळी, ही गर्दी! नूरुद्दीन टांझानियाच्या टेबलामागे एकटा. लवंगा, नारळाच्या वड्या आणि मुलीने काढलेलं एक चित्र. फोटो काढायचे म्हणून मी तिथे गेलो. त्याने कपात चहा ओतून दिला. "आमच्याकडेही याला चायच म्हणतात," म्हणाला. मी कप हातात धरला, फोटो झाला, टेबलावर ठेवला. प्यायलो नाही. का ते माहीत नाही.

खोटं. माहीत आहे. राजीव सर बघत होते.

रविवार, २२ मार्च

नूरुद्दीनचा करार वाढवणार नाहीत. अ‍ॅप्रेझलमध्ये कारण लिहिलंय — 'सहकाऱ्यांत मिसळत नाही.' लिहिणारे राजीव सर. मुलांचे निकाल विभागात सगळ्यांत चांगले याचेच! जूनमध्ये त्याची बायको आणि मुलगी यायची होती. व्हिसा निघालाय. त्याने बाजारात मुलीसाठी पलंगही बघून ठेवला होता.

गुरुवार, २६ मार्च

समितीकडे पहिली तक्रार आली. नूरुद्दीनची. एकच पान. 'मी मिसळत नाही असे लिहिले आहे. माझा कप सहा महिने खिडकीत आहे. इतरांचे हुकांना आहेत. कृपया चौकशी व्हावी.'

अर्ज माझ्याच हातात दिला त्याने. मग हळूच विचारलं, "तुमच्या कपांच्या बुडालाही ठिपके आहेत का?"

मी म्हटलं, "बघितलं नाही कधी."

"पुढच्या आठवड्यात बघ. आणि मीटिंगमध्ये सांग. बाकीचे नाही बोलणार. तू खोलीतलाच आहेस, तू सांगितलंस तर पुरेल. फरिदा मॅडम म्हणाल्यात, एक जण बोलला तर त्या अ‍ॅप्रेझल परत उघडतील."

एक जण.

शनिवार, २८ मार्च

मैत्रीला सांगितलं.  ती म्हणाली, "यात विचार करण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, राजीव सर माझंही अ‍ॅप्रेझल लिहितात. म्हणाली, "लिहू देत." मी म्हटलं, एकदा कपाचं बोलायला लागलो की तुला कसं कळलं, तुलाच का टोचलं, तू कोण, असं निघत जाईल. यावर ती म्हणाली, "मग निघू दे ना!" आणि पदराने डोळे पुसत आत गेली. मी टीव्ही लावला.

बुधवार, १ एप्रिल

मीटिंग. वीस मिनिटं. राजीव सर सदस्य म्हणून हजर होतेच. हसत म्हणाले, "अहो मॅडम, खिडकीत ऊन येतं. कप वाळतो." सगळे हसले. फरिदा मॅडम हसल्या नाहीत. त्या ओमानी असल्या तरी बलुची वंशाच्या, त्यांनीही ऐकून घेतलं असेल कधी काही. माझ्याकडे वळल्या. "तुम्ही त्या खोलीत बसता. त्यांना वेगळं वागवतात?"

मी वहीत तारीख लिहिली.

"माझ्या लक्षात आलेलं नाही."

 त्यांनी फाइल मिटली. "खलास. पुढचा विषय."

मिनिट्स मीच लिहिले. 'चौकशी केली. पुरावा आढळला नाही.' शुद्धलेखन दोनदा तपासलं.

मंगळवार, १४ एप्रिल

मैत्रीने खीर केली. फोटोला हार घातला, हॉलमध्येच. शुक्रवारी मस्कतला आपल्या लोकांचा कार्यक्रम आहे. मी येत नाही म्हटलं. तपासणीच्या फायली लावायच्यात.

बुधवार, २२ एप्रिल

तपासणी झाली. समितीच्या कामाचा खास उल्लेख! धोरण, स्टॉलचे फोटो, मिनिट्स, सगळं आवडलं त्यांना. ज्या फोटोत मी नूरुद्दीनचा चहा हातात धरून उभा आहे, तो कॉलेजच्या माहितीपत्रकावर घेणार आहेत. हलवा वाटला. चव लागली नाही.

मंगळवार, १९ मे

नूरुद्दीन आज गेला. सगळ्यांशी हात मिळवला, राजीव सरांशीही. त्याला टॅक्सीपर्यंत सोडायला मी गेलो. त्याने मैत्रीसाठी लवंगांची पुडी दिली. म्हणाला, "तुझ्यावर राग नाही. तू पाहिलं असतंस तर सांगितलं असतंस. त्या खोलीत तू एकटाच माझ्याशी नीट वागलास."

ऊन मरणाचं होतं. मी हात हलवला.

बुधवार, २० मे

स्टाफरूममध्ये कुणी यायच्या आत खिडकीतला कप लॅबमध्ये नेला. ठिपका थिनरने निघाला. निघणारच, रंग माझ्या लॅबचाच. नादुरुस्त मीटरला लावतो तो. सप्टेंबरात, नूरुद्दीन आला त्या पहिल्या आठवड्यात, राजीव सर चहा पिता पिता एकेकाला मूळ गाव आणि आडनाव विचारत होते. माझी पाळी यायची होती. त्या दुपारी ठिपका मी लावला. कप हुकावरून काढून खिडकीतही मीच ठेवला.

मला कुणी सांगितलं नव्हतं.