साहेबाला दिलेले हुंकार

पोलादपूर, जि. कुलाबा
रविवार, १० मे १९३६

प्रिय रिबका,

आधी काय घडले तेवढे लिहिते.

१. बुधवारी रस्तेखात्याचा गोरा साहेब आमच्या वाडीखालचे वळण पाहायला आला.
२. त्याचा कारकून तापाने महाडला पडून होता, म्हणून दुभाषी म्हणून मला बोलावले.
३. साहेबाने पाणवठ्यापाशी उभे राहून मला काही प्रश्न विचारले. मी प्रत्येकाला ‘येस सर’ म्हटले.
४. साहेबाच्या माणसाने पाणवठ्याच्या दगडावर चुन्याची फुली मारली.
५. साहेब काय विचारत होता ते मला समजले नव्हते.



साहेब तुसडा नव्हता. उन्हात डोक्यावरची टोपी काढून माझ्याशी बोलला. पण शब्द एकमेकांना चिकटून येत होते, आणि त्यांतले ‘रोड’ आणि ‘वाइड’ एवढेच मला पकडता आले. मागे सगळी वाडी उभी होती. आबा धुतलेला फेटा बांधून लेकीचे इंग्रजी ऐकायला आले होते. मी वळून लोकांना सांगितले, “रस्ता रुंद करणार म्हणतात.” येसूबाई म्हणून आमच्या शेजारीण आहेत, त्या तिथल्या तिथे बायकांना म्हणाल्या, “बगा गो, कोंडाजीची पोर साहेबासंगं कशी घडाघडा बोलतेय! आन् तुमी म्हनत व्हता, पोरीला शिकवून काय चुलीत घालायचीय?” सगळ्या हसल्या. मलाही त्या वेळी बरे वाटले. हे मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी कारकून महिपतराव ताप उतरल्यावर साहेबाचे टिपण घेऊन आले, तेव्हा मला विचारलेले प्रश्न मराठीत ऐकायला मिळाले. पाणवठ्याचा हा झरा वैशाखात आटतो ना? येस सर. लोकांना दुसरे पाणी आहे ना? येस सर. मग वळणाचा भराव यावर आला तर गावाची हरकत नाही ना? येस सर. रिबका, हा झरा कधीच आटत नाही. या दिवसांत आमच्या वाडीला दुसरे पाणी नाही. नदीवर जायचे तर एक चढ आणि एक उतार, आणि डोक्यावर हंडा.

मी त्याच दिवशी इंग्रजीत अर्ज लिहिला. चांगला लिहिला. महिपतरावांनी तो वाचून परत दिला. “बाई, हा महाडहून अलिबागला जाईल आणि दिवाळीला उघडेल. तोवर भराव होऊन वर गवत उगवेल. साहेब महाबळेश्वराहून बावीस तारखेला याच वाटेने परत येणार, तेव्हा तोंडाने सांगा.” मी म्हटले, तुम्हीच सांगा. ते म्हणाले, “कॉलेजातली मुलगी हो म्हणते आणि कारकून नाही म्हणतो, तर साहेब म्हणेल गावाने कारकुनाला चिरीमिरी दिली. मला पोरेबाळे आहेत, बाई.” त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

आता तुला हे कळायला हवे की मी हो का म्हटले. आमच्याकडे मोठे माणूस बोलत असले की ऐकणाऱ्याने हूं देत राहायचे. हुंकार थांबला तर बोलणाऱ्याचा अपमान होतो. माझी आजी राहीबाई हकीकत सांगताना मध्येच थांबून विचारायची, “मुकी झालीस का गो?” आणि मोठ्या माणसाला ‘पुन्हा सांगा’ म्हणणे म्हणजे तर तो नीट बोलला नाही असे तोंडावर सांगणे. मी कॉलेजात आले तेव्हा हेच घेऊन आले, फक्त ‘हूं’च्या जागी ‘येस सर’ बसले. प्रोफेसर समाधानाने पुढे जात. प्रयोगशाळेत तोंडी परीक्षेला परीक्षक काय विचारतात ते मी त्यांच्या बोटाकडे बघून ओळखले. बोट भिंगाकडे गेले की भिंगाचे सांगायचे. पहिला वर्ग मिळाला. पुस्तकातले इंग्रजी मला येते, कानातले येत नाही. युनिव्हर्सिटीने हे मला कधी विचारलेच नाही.

विचारलेस ते तू. पहिल्याच वर्षी, व्याख्यान सुटल्यावर जिन्यात: “तुळसा, खरं सांग, तुला कळतं का गं ते काय बोलतात?” मी म्हटले, “न कळायला काय झालं?” तरीही तू दुपारी गच्चीवर मला बसवलेस. तू साहेबी थाटात भराभर बोलायचीस आणि मी उत्तर द्यायचे. दोन दुपारी झाल्यावर मी तुला सांगितले की माझा अभ्यास मागे पडतो. अभ्यास मागे पडत नव्हता. समोर तू असूनसुद्धा ‘पुन्हा सांग’ हे शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते. तू रागावली नाहीस, वर तुझ्या टिपणवह्या देत राहिलीस, आणि मी त्या आभार न मानता घेत राहिले.

आज सकाळी मी पाणवठ्यावर जाऊन बायकांना सगळे सांगितले. आधी त्यांना वाटले मी थट्टा करते आहे. मग येसूबाई म्हणाल्या, “समजलं नाय तर परत इचारायचं व्हतंस की गो. तो काय तुला खानार व्हता?” शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. त्यांनी बाजूला सरून माझा हंडा पहिला भरू दिला, बाहेरून आलेल्या पाहुणीला देतात तसा. लहानपणापासून मी तिथे रांगेतच उभी राहिले आहे.

मला काय सांगायचे ते मी पाठ केले आहे. ते बोलता येईल. पण साहेब उलट काही विचारेल, आणि तिथे मी पुन्हा बुडेन. म्हणून हे पत्र. तू इकडे ये. माझ्याऐवजी साहेबाशी बोलायला नको. हो मी म्हटले आहे, तेव्हा नाहीही मीच म्हटले पाहिजे. तू फक्त रोज माझ्यासमोर उभी राहा, त्याच्यासारखे भराभर आणि आडवेतिडवे विचार, आणि मी न समजता मान हलवली की तिथल्या तिथे मला अडव. येसूबाईंच्या देखत अडवलेस तरी चालेल. शनिवारी तुझा शब्बाथ, तू काम करणार नाहीस हे धरूनच मी दिवस मोजले आहेत. तुझी भांडी बरोबर आण. मासळी आणि भात आमच्याकडे आहे, मटणाचा आग्रह करू नको असे आईला सांगितले आहे. बाणकोटहून लाँच दासगावला येते, तिथे आबा उभे राहतील. येणे जमणार नसेल तर तसे स्पष्ट लिही, मी रागावणार नाही. पण होय किंवा नाही, तुझे उत्तर शुक्रवार, १५ मेपर्यंत माझ्या हातात पडू दे.

तुझीच,
तुळसा