बाकावर मारलेलं पाणी

३ फेब्रुवारी
जोसेनने सिनेमात माझ्या नवऱ्याचं, कार्लाइलचं, काम करायला मुलगा निवडला. शेजारच्या घरात वाढलेली पोर, आता आमच्या दोघांच्या शाळेतल्या प्रेमावर सिनेमा करतेय. मुलगा देखणा आहे, पण रंग दूध जास्त झालेल्या चहाचा. माझा नवरा जांभळासारखा काळा!
"अगं, इंडियन मुलगी आणि काळा मुलगा म्हणतेस, मग यात काळा कोण?"
"आंटी, निर्मात्यांना पोस्टरवर असाच हवाय."
कार्लाइल म्हणाला, "म्हातारपणी गोरा झालो की गं, द्रुपती." हसला. मला हसावं की नाही ते कळेना.

९ फेब्रुवारी
माझं काम करणारी मुलगी घरी आली. दालपुरी लाटता येत नाही! माझ्या आईने तिला शिकवली. आता आईचे हात थरथरतात. कार्लाइलनेच आईला उचलून ओट्याजवळच्या खुर्चीत बसवलं.

१४ फेब्रुवारी
पटकथा वाचली. मुलगा मुलीच्या घरून निघतो, विसरलेली छत्री न्यायला परत येतो. बघतो तर तो बसला होता तो बाक मुलीचा बाप नळीने धुतोय.
साफ खोटं. बाबा त्याच्याशी क्रिकेटवर तासन्‌तास बोलायचे.
जोसेनला फोन केला. "सिनेमा चालावा म्हणून मेलेल्या माणसाला बदनाम करतेस?"
ती म्हणाली, "मी नाही रचलं, आंटी. अंकलनी सांगितलं."

१५ फेब्रुवारी
कार्लाइलला विचारलं. तो भांडी घासत होता. मान वर केली नाही.
"खरंय ते."
"आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?"
"तू घर सोडून आली असतीस. मला तू हवी होतीस, तुझं घर मोडायचं नव्हतं."
"मग त्या पोरीला का सांगितलंस?"
"तुम्हाला तेव्हा काय वाटायचं, असं तिने विचारलं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं."
कुणी म्हणजे मीही.

१६ फेब्रुवारी
बाबांच्या फोटोला हार घातला नाही. मग घातला. संध्याकाळी काढला.

२ मार्च
बाकाच्या प्रसंगाचं शूटिंग. पुन्हा पुन्हा पाणी मारत होते. तो उजळ पोरगा मध्ये मध्ये मोबाइल बघत होता. त्याच्यावर चिडू की बाबांवर, समजेना. कार्लाइल "चहा आणतो" म्हणून गेला. शोधायला गेले तर गाडीत बसलेला. काचा बंद. मीही जाऊन शेजारी बसले.

२१ ऑक्टोबर
सिनेमा लागला. आईला घेऊन गेलो. बाकाच्या प्रसंगाला ती मोठ्याने म्हणाली, "हे चुकलंय. तुझे बाबा नव्हते. नळी माझ्या हातात होती."
कार्लाइलने तिच्या गुडघ्यांवरची शाल सारखी केली.
"मला माहीत आहे, आई."