दाराशी विचारलेला प्रश्न

७ जानेवारी, मंगळवार

पुन्हा तेच! सहा गावांतले सहा डॉक्टर पडद्यावर, आठवड्यातून हा एकच तास — आणि त्यातली पंधरा मिनिटं थंडीवर. उणे एकतीस. ठाऊक आहे. मीही इथेच, कॅनडातल्या सॅस्काटूनमध्येच राहते ना?

मानसोपचारतज्ज्ञ त्या गावांत जाऊन राहायला तयार नाहीत. मीही नाही. म्हणून गावच्या डॉक्टरांनाच शिकवायचं — नैराश्य कसं ओळखायचं, गोळी कुठली द्यायची, आणि पेशंटला सरळ कसं विचारायचं : मरून जावंसं वाटतं का?

गोळ्या सगळ्यांना पाठ. प्रश्न कुणाच्या तोंडून निघत नाही.

आज केलमोरच्या ओरेस्ट डॅनिलचकला सराव दिला. गावातला एकटा डॉक्टर, चौसष्ट वर्षांचा. त्याची नर्स ट्वायला पेशंट झाली. हा दहा मिनिटं तिचा गुडघा तपासत बसला. मग उठला, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तसलं काही मनात नाही ना?"

मी म्हटलं, दार धरून विचारलंत तर सगळे नाहीच म्हणणार. बसून विचारा.

"बाई, केलमोरमध्ये बसून असलं विचारलं, तर संध्याकाळी कॉफीच्या दुकानात वेडा मीच ठरेन."

सगळे हसले. मीही हसले. त्याचाच आता राग येतोय.

१४ जानेवारी

ओरेस्टकडे आजही चर्चेसाठी पेशंटची केस नाही. "आमच्याकडे सगळे ठणठणीत." तिसरा मंगळवार!

नोव्हेंबरात ग्लेन फॉसमने जीव दिला. कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायच्या खेळाच्या, रिंकवर बर्फ तयार करायचा तो. त्याच्या नऊ दिवस आधी ओरेस्टकडे गुडघा दाखवून गेला होता. त्याच्यावर बोलू या, असं मी आज सर्वांसमोर म्हटलं. ओरेस्टने चष्मा पुसला आणि म्हणाला, गेलेल्याची केस घेऊन काय करायचं?

नंतर ट्वायलाने सांगितलं — दोघं वीस वर्षं एका संघातून खेळले. हे मला माहीत नको होतं का? सर्वांसमोर काढायची काय गरज होती? पण काढलं नसतं, तर त्याने कधी काढलं असतं?

१५ जानेवारी

अहवालात लिहिलं : केलमोर, प्रगती नाही. पुसलं. पुन्हा लिहिलं.

२१ जानेवारी

आज धोक्याच्या खुणा शिकवल्या. झोप उडणं, दारू वाढणं, जिवापाड जपलेल्या वस्तू देऊन टाकणं. रेजिनाजवळच्या तरुण डॉक्टरने विचारलं, यावर परीक्षा आहे का. डोकं आपटावंसं वाटलं.

ओरेस्ट मात्र गप्प. एक विनोद नाही, थंडीवर अक्षर नाही. मला बरंच वाटलं — ऐकतोय तर!

तास संपला. बंद करायच्या बटणावर बोट ठेवून मी म्हटलं, "ओरेस्ट, तुम्ही ठीक आहात ना?"

"उत्तम."

दाबलं.

२२ जानेवारी, सकाळी

ट्वायलाचा फोन. या वर्गाच्या अर्धवट राहिलेल्या फॉर्मबद्दल. जाता जाता आनंदाने सांगितलं, डॉक्टरांनी रविवारी तिच्या नवऱ्याला आपले कर्लिंगचे बूट आणि बर्फ घासायचा ब्रूम देऊन टाकले. वीस वर्षं त्या ब्रूमला कुणाला हात लावू दिला नव्हता. नवरा तर लहान मुलासारखा नाचतोय म्हणे.

मी म्हटलं, फॉर्म शुक्रवारपर्यंत पाहिजेत.

फोन ठेवला, कॉफी ओतायला गेले. तिथेच थांबले. कालच शिकवलं मी हे. सहा जणांना. आणि त्याला विचारलं ते बटणावर बोट ठेवून!

क्लिनिकला फोन लावला. तो म्हणाला, "फॉर्म ट्वायलाकडे आहेत, बाई."

फॉर्मसाठी नाही, म्हटलं. दार लावा आणि बसा. मीही बसलेय. खुर्ची करकरल्याचं ऐकू आलं.

"ओरेस्ट, मरून जावंसं वाटतं का तुम्हाला?"

शिकवताना मी म्हणते, प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत आपण बोलायचं नाही. किती कठीण आहे ते!

२२ जानेवारी, दुपारी

"हो," म्हणाला. ट्वायलाला आत बोलवा म्हटलं, त्याने बोलावलं. दोघं तिच्या गाडीतून माझ्याकडे यायला निघालेत. दीड तासाचा रस्ता. फोन चालूच आहे.

थंडीवर बोलतोय. बोलू दे.